फुटक्या खिडक्या आणि पोलीस चौकी : गुन्हेशास्त्राच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

गुन्हेगारीविषयीचे वास्तववादी (उजवे आणि डावे) समाजशास्त्रीय सिद्धान्त आणि पोलिसिंगच्या पद्धती या विषयावरचा, इंग्लंडमधल्या एका संस्थेने चालवलेला सहा आठवड्यांचा ऑनलाइन अभ्यासक्रम मी यंदाच्या हिवाळ्यात पूर्ण केला. विधी महाविद्यालयात मी गुन्हेशास्त्र शिकवतो; आमच्याकडे या विषयाच्या वाट्याला जेमतेम एकदोन तासिका येतात आणि त्याही लोंब्रोसो, सदरलंड हे जुने गुन्हेशास्त्रज्ञ आणि शिक्षेचे हेतू आटोपल्यावर वर्षअखेरीस उरकल्या जातात. त्यामुळे नव्वद पौंड, म्हणजे साधारण दहा हजार रुपयांच्या घरातली फी भरताना मी फारशी खळखळ केली नाही. कायद्याचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षेसाठी समाजशास्त्र घेतलेले उमेदवार, गुन्हेवार्ता करणारे पत्रकार आणि पोलीस खात्यातले काही अधिकारी अशा अभ्यासक्रमांची चौकशी करत असतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे. पोलीस आणि लोक यांच्यातल्या माहितीच्या देवाणघेवाणीवर या अभ्यासक्रमाने जे दोन आठवडे खर्च केले आहेत, तेवढ्यावरही फी वसूल होते, असे माझे मत आहे. मात्र ज्या तक्त्याच्या आधाराने सारी मांडणी केली आहे, तो तक्ताच विद्यार्थ्याला चुकीच्या वाटेने नेतो.

स्वरूप नेहमीचेच आहे. दर आठवड्याला तीनचार चित्रफिती, वाचनासाठी उतारे, एक बहुपर्यायी चाचणी आणि शंकासमाधानाचा एक थेट वर्ग. हा वर्ग तिथल्या संध्याकाळी साडेसहाला असतो, म्हणजे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे मध्यरात्री बाराला, आणि सकाळी लवकर कामावर जाणाऱ्या माणसाने ही गोष्ट नाव नोंदवण्यापूर्वीच विचारात घ्यावी. शिकवणाऱ्या बाईंचा विषयाचा व्यासंग पक्का आहे, बोलणे संथ आणि स्पष्ट आहे, आणि प्रश्नाला बगल देण्याची सवय त्यांना नाही.

पहिला आठवडा पार्श्वभूमीचा. १९७४ साली रॉबर्ट मार्टिन्सन यांनी कैद्यांच्या पुनर्वसनाच्या प्रयोगांचा आढावा घेतला आणि त्यातून ‘कशाचाच उपयोग होत नाही’ असा निष्कर्ष लोकांनी काढला. त्या निराशेच्या हवेत अमेरिकेत उजवा वास्तववाद रुजला. गुन्ह्याची मुळे दारिद्र्यात शोधत बसण्यापेक्षा आज रात्रीचा गुन्हा कसा रोखता येईल ते पाहावे, हा अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ जेम्स क्यू. विल्सन यांचा आग्रह होता, आणि त्या आग्रहात एक रोखठोक आकर्षण आहे हे मान्य करावे लागते. याच प्रवाहात पुढे रोनाल्ड क्लार्क यांचा विवेकी निवडीचा सिद्धान्त येतो, म्हणजे गुन्हेगार फायदातोटा तोलून गुन्हा करतो ही मांडणी. कोहेन आणि फेल्सन यांनी १९७९ साली मांडलेला दैनंदिन व्यवहारांचा सिद्धान्तही अभ्यासक्रम इथेच शिकवतो: गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाताशी असलेले सावज आणि राखणदाराची गैरहजेरी या तीन गोष्टी एका जागी, एका वेळी जुळून आल्या की गुन्हा घडतो. हा भाग चटकन समजतो आणि अभ्यासक्रमही तो चटकन संपवतो, ते योग्यच आहे.

विल्सन आणि हर्नस्टीन यांनी १९८५ साली मांडलेल्या, गुन्हेगारी प्रवृत्तीच्या जैविक आणि सामाजिक मुळांविषयीच्या प्रतिपादनावर मात्र अभ्यासक्रम तितक्याच वेगाने पुढे सरकतो, आणि ते खटकते. काही माणसे उपजतच गुन्ह्याकडे अधिक ओढली जातात, ही कल्पना इंग्रज विद्यार्थ्याला निव्वळ तात्त्विक वाटत असेल. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला तिचा प्रशासकीय अवतार ठाऊक असतो, कारण १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसावर गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, सोलापूरला त्या जमातींना तारेच्या कुंपणात वसवले होते, आणि १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यानंतरही पारधी वस्तीवर संशयाची पहिली नजर पडायची थांबलेली नाही. विल्सन यांचे म्हणणे आणि तो कायदा एकच आहेत असा माझा दावा नाही. पण व्यक्तीच्या प्रवृत्तीविषयीचे विधान प्रशासनाच्या हाती गेले की ते समूहाच्या नोंदवहीत किती सहज उतरते, हा धोका शिकवायला पंधरा मिनिटे तरी द्यायला हवी होती.

दुसरा आठवडा ‘फुटक्या खिडक्यां’चा, आणि तो उत्तम आहे. एक फुटकी खिडकी तशीच राहू दिली की बाकीच्याही फुटतात, तशी किरकोळ बेशिस्त चालू दिली की मोठे गुन्हे वाढतात, असा हा सिद्धान्त. विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांचा मार्च १९८२ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त आलेला लेख सगळ्यांनी ऐकलेला असतो आणि फार थोड्यांनी वाचलेला असतो, इथे तो परिच्छेदवार वाचून घेतात. वाचताना लक्षात येते की लेखाची सुरुवात खिडक्यांनी होतच नाही, ती नेवार्कच्या पायी गस्तीने होते. न्यू जर्सीतल्या त्या शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस पोलिसांना गाडीतून उतरवून पायी फिरवले गेले. गुन्हे कमी झाले नाहीत, पण लोकांना सुरक्षित वाटू लागले आणि पोलिसांविषयी त्यांचे मत सुधारले. त्यापूर्वी १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत गाडीतली गस्त काही भागांत वाढवून, काही भागांत जवळजवळ बंद करून पाहिली होती, तेव्हा गुन्ह्यांत लक्षणीय फरक पडला नव्हता. दोन्ही अभ्यासांत स्वतः केलिंग होते. म्हणजे ज्या लेखाचा हवाला देऊन पुढे जगभर फेरीवाले आणि भिकारी उचलले गेले, त्याच्या मुळाशी गुन्हे घटल्याचा पुरावा नव्हता, लोकांची भीती घटल्याचा होता. हे इतक्या नेमकेपणाने सांगणारे शिक्षक मी फारसे पाहिलेले नाहीत.

याच आठवड्यात मानसशास्त्रज्ञ फिलिप झिम्बार्डोच्या दोन मोटारींची गोष्ट येते. १९६९ साली त्याने एक बेवारस दिसणारी मोटार न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात आणि दुसरी कॅलिफोर्नियातल्या सुखवस्तू पालो आल्टोत उभी केली. ब्राँक्समधली मोटार काही मिनिटांतच लुटायला सुरुवात झाली. पालो आल्टोतली आठवडाभराहून अधिक काळ जशीच्या तशी उभी राहिली. मग झिम्बार्डोने स्वतःच तिच्यावर घणाचा घाव घातला, आणि त्यानंतर येणारेजाणारेही तोडफोडीत सामील झाले. लेखात ही गोष्ट ‘दुर्लक्ष दिसले की कोणीही हात धुऊन घेतो’ याचा दाखला म्हणून येते. वर्गात बाईंनी विचारले की पहिला घाव संशोधकाने घातला असेल, तर प्रयोगाने नेमके काय सिद्ध झाले? त्यावर झालेली चर्चा अभ्यासक्रमातली सर्वांत जिवंत चर्चा होती, आणि मध्यरात्री जागल्याचे तेव्हा काही वाटले नाही.

न्यूयॉर्कच्या प्रकरणात मात्र अभ्यासक्रम ढिला पडतो. १९९४ साली रुडी जुलियानी महापौर झाले, विल्यम ब्रॅटन पोलीस आयुक्त झाले, गुन्ह्यांच्या आकडेवारीवरून अधिकाऱ्यांना जाब विचारणाऱ्या ‘कॉम्पस्टॅट’च्या बैठका सुरू झाल्या, किरकोळ गुन्ह्यांवर कारवाई वाढली आणि १९९० साली २,२०० हून अधिक असलेले खून १९९८ पर्यंत ७०० च्या खाली आले, असा आलेख चित्रफितीत येतो आणि जवळजवळ स्वतःच स्वतःची बाजू मांडून जातो. घट १९९४ च्या आधीच सुरू झाली होती, क्रॅक कोकेनची लाट ओसरत होती, पोलिसांची संख्या वाढली होती, आणि लोकांशी सहकार्यावर भर देणाऱ्या सॅन डिएगोसारख्या शहरातही त्याच काळात गुन्हे झपाट्याने घटले, हे सारे एका पुरवणी उताऱ्यात दडपले आहे. शिवाय ‘थांबवा आणि झडती घ्या’ या पद्धतीचा शेवट चित्रफितीत येतच नाही. २०११ साली न्यूयॉर्क पोलिसांनी ६,८५,७२४ वेळा लोकांना थांबवले. त्यांतल्या जवळपास ८८ टक्के प्रसंगी ना अटक झाली, ना समन्स निघाले. थांबवलेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुणांचा भरणा होता. ऑगस्ट २०१३ मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत ज्या तऱ्हेने राबवली जात होती, ती घटनाबाह्य ठरवली, पुढच्या वर्षी थांबवण्याची संख्या पन्नास हजारांच्या खाली आली, आणि तरीही खून वाढले नाहीत. उजव्या वास्तववादाची याहून चांगली कसोटी शोधून सापडणार नाही, आणि ती चाचणीतल्या एका प्रश्नाच्याही वाट्याला आलेली नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यासाठी मी हा अभ्यासक्रम सुचवेन. डावा वास्तववाद, म्हणजे गरीब वस्तीतला गुन्हा खरा मानून त्याची सामाजिक कारणे शोधणारा प्रवाह, बहुतेक ठिकाणी सापेक्ष वंचितता (इतरांच्या तुलनेत आपल्याला कमी मिळाल्याची जाणीव), उपसंस्कृती आणि सीमान्तीकरण (समाजाच्या कडेला ढकलले जाणे) या तीन शब्दांची घोकंपट्टी करून संपवला जातो. इथे तो एका भांडणापासून सुरू होतो. १९८२ साली ब्रिटनमध्ये पहिले राष्ट्रीय गुन्हे सर्वेक्षण झाले आणि त्याच्या अहवालात असे गणित मांडले गेले की सांख्यिकीय सरासरीच्या माणसाला पाच शतकांतून एकदा लुटले जाण्याची आणि चाळीस वर्षांतून एकदा घरफोडीला तोंड देण्याची शक्यता आहे. वृत्तपत्रांनी लोकांना उगाच घाबरवू नये, असा त्याचा सूर होता. डाव्या विचाराचे गुन्हेशास्त्रज्ञ जॉक यंग, जॉन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारले की हा सरासरीचा माणूस राहतो तरी कुठे? खेड्यातल्या बंगल्याची आणि लंडनमधल्या नगरपालिकेच्या जुनाट गाळ्यांची बेरीज करून भागाकार केला, तर गाळ्यात राहणाऱ्या बाईची भीती वेडगळच ठरणार. म्हणून त्यांनी मर्सीसाइड आणि इस्लिंग्टन इथे स्थानिक सर्वेक्षणे केली, माणसे दारोदार जाऊन विचारती झाली, आणि गरीब वस्तीतल्या, विशेषतः स्त्रियांच्या, भीतीला अनुभवाचा आधार असल्याचे १९८६ च्या इस्लिंग्टन अहवालाने दाखवून दिले. अंधार पडल्यावर बाहेर न पडणे ही तिथल्या बायकांनी स्वतःवर लादलेली संचारबंदीच होती. गुन्हा हा बव्हंशी गरिबाने गरिबावर केलेला असतो, हे डाव्या मंडळींनी मोठ्याने म्हणणे त्या काळात सोपे नव्हते. १९७० च्या दशकात यंग स्वतः ज्या क्रांतिकारी गुन्हेशास्त्राचे एक प्रवर्तक होते, त्यात गुन्हेगार हा अर्धा बंडखोर मानला जाई आणि गुन्ह्यांची भीती हा सत्तेचा बनाव. पुढे त्यांनीच या भूमिकेला ‘डावा आदर्शवाद’ म्हणून दूर सारले. शिकवणाऱ्या बाईंनी हे आपल्याच घरातले भांडण चवीने आणि न्यायबुद्धीने सांगितले आहे.

चौथ्या आठवड्याचा विषय पोलिसिंग. किन्सी, ली आणि यंग यांच्या विवेचनाचा गाभा असा की पोलीस बहुतेक गुन्हे स्वतः शोधून काढत नाहीत; लोक येऊन सांगतात म्हणून ते कळतात, आणि लोक साक्ष देतात म्हणून ते शाबीत होतात. लोकांचा विश्वास उडाला की माहिती आटते. माहिती आटली की नेमक्या संशयिताऐवजी वस्तीच्या वस्ती संशयित ठरते, सरसकट झडत्या सुरू होतात, ज्यांचा काही संबंध नाही अशी माणसेही दुखावली जातात, आणि उरलीसुरली माहितीही बंद होते. याला त्यांनी लष्करी पोलिसिंग म्हटले, कारण शत्रूच्या मुलखात शिरलेल्या फौजेसारखे पोलीस तेव्हा वागू लागतात. एप्रिल १९८१ मध्ये दक्षिण लंडनच्या ब्रिक्स्टन भागात ‘स्वॅम्प ८१’ या मोहिमेत साध्या वेशातल्या पोलिसांनी काही दिवसांत नऊशेहून अधिक लोकांना थांबवले, आणि मोहीम चालू असतानाच तिथे दंगल पेटली. लॉर्ड स्कार्मन यांच्या चौकशी अहवालाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या कारवाईवर ठपका ठेवला; पण कारण म्हणून पोलिसांतला संस्थात्मक वंशवाद मानायला नकार दिला. तो शब्द १९९९ साली, स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाच्या खून प्रकरणावरच्या मॅकफर्सन अहवालात आला. दोन अहवालांमधले हे अंतर अभ्यासक्रमात फार चांगले उलगडले आहे: ब्रिक्स्टनमध्ये पोलिसांचा जाच अति होता, लॉरेन्स प्रकरणात पोलिसांनी तपासच धड केला नाही, आणि एकाच कृष्णवर्णीय समाजाला अतिपोलिसिंग आणि अल्पपोलिसिंग दोन्ही भोगावे लागले.

हा भाग ऐकताना आपल्याकडचा वाचक गप्प बसू शकणार नाही. कोम्बिंग ऑपरेशनच्या रात्री ज्या झोपडपट्टीतली पोरे उचलून चौकीत बसवून ठेवली जातात, त्याच झोपडपट्टीतली बाई मोबाइल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आली, तर तिच्याकडून ‘गहाळ’ झाल्याचा अर्ज लिहून घेतला जातो, किंवा मारहाणीची फिर्याद एन.सी. (अदखलपात्र नोंद) करून वाटेला लावली जाते. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यास एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी प्रकरणात २०१३ साली सांगितले. ते सांगावे लागले, यातच सारे आले.

आता त्या तक्त्याविषयी. अभ्यासक्रमाच्या पहिल्या दिवशी दोन रकान्यांचा एक तक्ता हाती दिला जातो, डावीकडे डावा वास्तववाद, उजवीकडे उजवा, आणि कारणे, उपाय, पोलिसिंग अशा ओळी. पुढची प्रत्येक चाचणी त्यावरच बेतलेली आहे. रस्त्यावरचे दिवे वाढवणे हा कोणाचा उपाय, असा एक प्रश्न होता आणि उत्तरसूचीनुसार बरोबर उत्तर ‘उजवा वास्तववाद’. प्रत्यक्षात १९८० च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधल्या अंधाऱ्या रस्त्यांवर दिवे वाढवून भीती आणि गुन्हे यांवर काय परिणाम होतो, याचे गाजलेले अभ्यास केट पेंटर यांनी मिडलसेक्स पॉलिटेक्निकमधून केले, आणि हीच संस्था यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे माहेरघर होती. इस्लिंग्टनच्या बाईला अंधाराची भीती वाटते हे एकदा गंभीरपणे घेतले की दिव्याच्या खांबापर्यंत पोहोचणे ओघानेच आले. त्याचप्रमाणे केलिंग यांची पायी गस्त आणि डाव्यांना हवा असलेला वस्तीशी ओळख असलेला पोलीस, हे दोघे एकाच रस्त्याने चालतात. ब्रिटनमधल्या ब्लेअर सरकारने तर १९९८ च्या कायद्याने समाजविघातक वर्तनाविरुद्धचे आदेश आणि गुन्ह्यांच्या कारणांवरचे कार्यक्रम एकाच पिशवीत घातले. खरा फरक उपायांच्या यादीत नसून, पोलिसांना कोणाला काय जाब द्यावा लागतो यात आहे. चौथ्या आठवड्याने हे शिकवले आणि चाचणीने ते पुसून टाकले. मी याविषयी लिहून कळवले. त्यावर, परीक्षा घेणाऱ्या मंडळाची अपेक्षा तशीच असते, असे उत्तर आले. ते प्रामाणिक असले तरी नव्वद पौंड भरणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याच्या उपयोगाचे नाही.

पाचव्या आठवड्याची ‘भारताविषयीची पुरवणी’ हा अभ्यासक्रमातला सर्वांत पातळ भाग आहे. १८६१ चा पोलीस कायदा, वसाहतवाद आणि पोलीस सुधारणांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा प्रकाश सिंग निकाल एवढ्यावर ती आटोपते. सहमतीच्या, म्हणजे लोकांच्या विश्वासावर चालणाऱ्या, पोलिसिंगचे अस्सल उदाहरण हवे होते तर भिवंडी समोर होती: १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या या यंत्रमागांच्या गावात सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने दोन्ही समाजांतल्या सामान्य लोकांच्या मोहल्ला समित्या बांधल्या, त्यांत पुढाऱ्यांपेक्षा रोज भेटणारी माणसे आणि त्या भागाचा पोलीस यांना बसवले, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. किन्सी आणि यंग यांनी कागदावर मांडलेला माहितीचा प्रवाह इथे प्रत्यक्ष वाहताना दिसतो. उलट बाजूला उजव्या वास्तववादाचे देशी रूप म्हणून १९८१ चा एमपीडीए कायदा (धोकादायक व्यक्तींना स्थानबद्ध करण्याचा) आणि महाराष्ट्र पोलीस कायद्यातली तडीपारी घेता आली असती. तडीपार केलेला गुंड शेजारच्या जिल्ह्यात जाऊन बस्तान मांडतो, तेव्हा गुन्हा थांबतो की नुसता पत्ता बदलतो, हा प्रश्न फेल्सन आणि क्लार्क यांच्या टीकाकारांनी विचारलेल्या, एका जागी रोखलेला गुन्हा दुसरीकडे जातो का या स्थलांतराच्या प्रश्नाहून वेगळा नाही.

बलवानांच्या गुन्ह्यांकडे दोन्ही वास्तववादांनी पाठ फिरवली, हा आक्षेप शेवटच्या आठवड्यात एका उताऱ्यात येतो. पतसंस्था बुडाल्यावर निवृत्तीची पुंजी घालवून बसलेल्या ठेवीदारांना कोणत्या सर्वेक्षणात बळी म्हणून मोजले जाते, असे मी वर्गात विचारले. बाईंनी प्रश्न रास्त असल्याचे मान्य करून दोन वाचने सुचवली आणि ती खरोखरच उपयोगी निघाली.

समाजशास्त्र विषय घेऊन स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी फक्त परीक्षेसाठी हा अभ्यासक्रम घेऊ नये. तेवढी माहिती चांगल्या पाठ्यपुस्तकात स्वस्तात मिळते. गुन्हेशास्त्र शिकवणाऱ्यांनी, आणि पोलीस ठाण्याचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी सवड असल्यास, तो जरूर करावा, आणि शक्य असेल तर तिसरा व चौथा आठवडा आधी, मग दुसरा, असा क्रम लावावा; व्यवस्था तशी मुभा देते. इंग्रजी उपशीर्षके यंत्राने केलेली असल्यामुळे विशेषनामांचा त्यात चुराडा होतो, म्हणून नावे वाचनसाहित्यातूनच उतरवून घ्यावीत. प्रमाणपत्राला आपल्या विद्यापीठांकडून श्रेयांक मिळत नाहीत, आणि अभ्यासक्रम संपल्यावर तीन महिन्यांनी साहित्य बंद होते. नेवार्कचा आणि इस्लिंग्टनचा उतारा त्याआधी उतरवून ठेवणे विसरू नये.